न्यू ट्रीअर : पत्त्यावर मिळणारी शाळा

शिकागोच्या ओगिल्व्ही स्थानकातून मेट्राची उत्तरेकडे जाणारी लोकल पकडली की एव्हन्स्टन मागे पडतं, मग विल्मेट, मग केनिलवर्थ आणि त्यानंतर इंडियन हिल. उजव्या हाताला, घरांच्या आणि झाडांच्या पलीकडे, मिशिगन सरोवर. या स्थानकाजवळच विनेटका गावातली न्यू ट्रीअर हायस्कूलची मुख्य इमारत आहे. शाळा सरकारी, शिक्षणाची फी नाही. नववी ते बारावी एवढेच वर्ग, तरी मुलं चार हजारांच्या आसपास. अमेरिकेतल्या सरकारी हायस्कुलांची चर्चा निघाली की हे नाव हमखास येतं. कुणी कौतुकाने घेतं, कुणी संतापाने. मला दोन्ही समजतात. या शाळेत जे आहे ते प्रत्येक शाळेत असायला हवं असं मला मनापासून वाटतं, आणि ते प्रत्येक शाळेत का नाही याचं उत्तरही याच शाळेच्या हिशेबाच्या वहीत सापडतं.

नावाचं मूळ जर्मनीत. मोझेल नदीकाठच्या ट्रीअर शहराच्या परिसरातून आलेल्या शेतकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात इथे वस्ती केली आणि तालुक्यासारख्या या प्रशासकीय तुकड्याला गावाकडचं नाव दिलं. शाळेच्या बोधचिन्हात आजही ट्रीअरमधली पोर्टा निग्रा ही रोमन काळातली वेस आहे. शाळा सुरू झाली १९०१ साली. तेव्हा पटावर शंभर मुलंसुद्धा नव्हती. शिकागोतले व्यापारी, वकील, बँकवाले सरोवराच्या काठाने उत्तरेकडे घरं बांधत गेले तशी शाळा फुगत गेली. विनेटका, विल्मेट, केनिलवर्थ, ग्लेन्को, नॉर्थफिल्ड ही सगळी गावं आणि शेजारच्या दोन गावांचा काही भाग मिळून एकच हायस्कूल जिल्हा. जिल्हा म्हणजे इथे कलेक्टरचा जिल्हा नव्हे. शाळा चालवण्यापुरतीच हद्द असलेली, स्वतःचं निवडून आलेलं मंडळ असलेली आणि स्वतःचा कर बसवणारी ती स्वतंत्र संस्था असते.

सुविधांची यादी पाहिली की आपल्याकडच्या माणसाला आधी पोहण्याचा तलाव दिसतो. १९१०च्या दशकातच या शाळेने बंदिस्त तलाव बांधला. अमेरिकेतल्या हायस्कुलातला तो पहिलाच, असं शाळेच्या इतिहासात अभिमानाने नोंदलेलं आहे. तलाव आधी आला आणि पोहण्याची परंपरा त्याच्या मागून. मुलांच्या आणि मुलींच्या, दोन्ही संघांनी राज्य अजिंक्यपदं इतक्या वेळा घेतली आहेत की इलिनॉयमध्ये जलतरण म्हटलं की न्यू ट्रीअर हे समीकरणच होऊन बसलं. सगळे खेळ धरले तर शाळेची राज्य अजिंक्यपदं शंभराच्या पुढे जातात.

हायस्कूलची जलतरण स्पर्धा एकदा तरी जवळून पाहावी. इथला तलाव पंचवीस यार्डांचा असतो, त्यामुळे पाचशे यार्डांच्या शर्यतीत पोरांना वीस वेळा भिंत गाठावी लागते. पाण्यात तोंड खुपसून हात मारत असताना कितवी फेरी चालू आहे याचं भान कुणाला राहणार? म्हणून प्रत्येक लेनच्या टोकाला त्याच संघातला एक गडी ओणवा होऊन बसतो. हातात लांब दांडा आणि त्याला आकड्यांच्या पाट्या. पोहणारा जवळ आला की पाटी पाण्यात बुडवायची, डावीउजवीकडे हलवायची, म्हणजे त्याला खालून आकडा दिसतो. शेवटच्या फेरीला आकड्याऐवजी लाल किंवा नारिंगी रंग. हे काम करणाऱ्याचं नाव निकालपत्रकात कुठेच येत नाही, पण त्याने एक आकडा चुकवला तर शर्यत गेली. काठावरचे बाकीचे ओरडत असतात आणि हा मात्र ओठांत मोजत असतो. शाळेतले खेळ कशासाठी असतात, ते मला पदकांपेक्षा त्या पाटीवाल्याकडे पाहून जास्त कळतं.

खेळ म्हणजे केवळ निवडक खेळाडूंचा मामला नव्हे, हेही इथे महत्त्वाचं. इलिनॉय राज्यात शारीरिक शिक्षणाचा तास पूर्वापार रोजचा आणि सक्तीचा होता. २०१७ च्या कायद्याने तो आठवड्यातून किमान तीन दिवसांवर आला. न्यू ट्रीअरने या विषयाचं नाव ‘कायनेटिक वेलनेस’ असं ठेवलं आहे. त्यात पोहणं आहे, आरोग्याचं शिक्षण आहे आणि ज्याला चेंडूचीच भीती वाटते अशा मुलालाही जमेल असं काहीतरी आहे. आपल्याकडे दहावीचं वर्ष आलं की पीटीच्या तासाला गणिताचे सर वर्गात शिरतात. त्या तासाची राखण कायद्याने केली तर काय होतं, ते इथे दिसतं.

अभ्यासाच्या बाजूला विषयांची रेलचेल आहे. भाषाच पाहा: स्पॅनिश आणि फ्रेंच तर सगळीकडे असतात, इथे जर्मन, लॅटिन, हिब्रू, मँडरिन आणि जपानीही. कॉलेजच्या दर्जाचे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट अभ्यासक्रम आहेत. एकच विषय निरनिराळ्या पातळ्यांवर शिकवला जातो, आणि मूल एका विषयात वरच्या पातळीवर व दुसऱ्यात मधल्या पातळीवर असू शकतं. नाटक, जॅझ, वाद्यवृंद, चित्रकला, लाकूडकाम हे विषय फावल्या वेळचे मानले जात नाहीत. त्यांना वेळापत्रकात रीतसर तास आहेत आणि शिकवायला पूर्णवेळ शिक्षक आहेत. मुलं स्वतःचं साप्ताहिक काढतात. ८८.१ एफएमवर मुलांचं स्वतःचं रेडिओ केंद्र आहे, आणि त्याला खरा परवाना आहे. ॲन-मार्गरेट, रॉक हडसन, चार्ल्टन हेस्टन ही हॉलिवूडमधली मंडळी याच शाळेतली. अमेरिकेचे संरक्षणमंत्री झालेले डोनाल्ड रम्सफेल्ड इथे कुस्ती खेळायचे.

पातळ्यांच्या या व्यवस्थेची दुसरी बाजूही आहे. वरच्या पातळीवर जायची चढाओढ पालकांमध्ये जास्त असते आणि तिचा भार मुलांच्या पाठीवर येतो. ज्या गावात जवळजवळ सगळ्यांचेच आईबाप उत्तम कॉलेजांतून शिकलेले, तिथे ‘बरा’ हा शेरा अपयशासारखा ऐकू येतो. कोट्यात, लातूरमध्ये किंवा पुण्याच्या क्लासच्या गल्लीत मुलांच्या चेहऱ्यांवर जे दिसतं, त्याचं हे श्रीमंत उपनगरी रूप आहे. फरक इतकाच की इथल्या मुलाच्या चेहऱ्याकडे रोज सकाळी कुणीतरी पाहतं. या शाळेतली सर्वांत मोलाची गोष्ट मला हीच वाटते.

ती म्हणजे ‘ॲडव्हायझरी’. १९२०च्या दशकात सुरू झालेली ही पद्धत अजून चालू आहे. नववीत येणाऱ्या प्रत्येक मुलाला एक ॲडव्हायझर मिळतो. हा कुणी बाहेरून आणलेला समुपदेशक नसतो. शाळेतलाच गणिताचा, इतिहासाचा किंवा संगीताचा शिक्षक असतो. त्याच्याकडे साधारण दोन डझन मुलं. शाळा भरली की ही मुलं रोज त्याच्या खोलीत जमतात. वीस-पंचवीस मिनिटं. शिकवणं नाही, परीक्षा नाही. कुणाचं प्रगतिपुस्तक घसरलं, कुणाचं संघात नाव आलं नाही, कुणाच्या घरी आजारपण आहे, कोण गेले चार दिवस गप्प आहे, हे सगळं या खोलीत लक्षात येतं. इतर शिक्षकांच्या तक्रारी आणि शाबासक्याही ॲडव्हायझरकडेच पोहोचतात, त्यामुळे त्या मुलाचं सबंध चित्र एका माणसाजवळ असतं. नववीच्या सुरुवातीला हा ॲडव्हायझर एकेका मुलाच्या घरी जातो, आईवडिलांशी बोलतो, मूल कुठल्या घरातून येतं ते पाहतो. दहावीपासून मुलं मुख्य इमारतीत येतात, तेव्हा नवा ॲडव्हायझर मिळतो आणि तो बारावीपर्यंत तोच राहतो.

आपल्याकडच्या जुन्या वर्गशिक्षकाची आठवण यावी असंच हे आहे. गावातला मास्तर पोराच्या घरी जायचा, चुलीपाशी बसून चहा घ्यायचा आणि ‘याला शाळेतून काढू नका’ म्हणून बापाला सांगून यायचा. ते तो स्वतःच्या माणुसकीपोटी करायचा. न्यू ट्रीअरमध्ये तीच गोष्ट नोकरीचा भाग आहे, आणि त्यासाठी शिक्षकाला शिकवण्याचे तास कमी दिले जातात. खरी मेख इथेच आहे. ॲडव्हायझरचे जे तास शिकवण्यातून वजा झाले, ते शिकवायला दुसरा शिक्षक नेमावा लागतो. तो नेमायला पैसा लागतो.

हा पैसा येतो घरपट्टीतून. अमेरिकेत शाळेच्या खर्चाचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ता करातून उभा राहतो, आणि न्यू ट्रीअरच्या बाबतीत तर जवळजवळ सगळा. सरोवराकाठची घरं महाग, म्हणून कराचा पाया रुंद. पाया रुंद असल्याने शाळा चांगली चालते, आणि शाळा चांगली म्हणून घरं आणखी महाग. घराच्या जाहिरातीत खोल्या किती, गॅरेज केवढं, याच्या जोडीला न्यू ट्रीअरचं नाव असतंच. शाळेत प्रवेश मिळतो तो पत्त्यावर. हद्दीत राहत असल्याचे पुरावे द्यावे लागतात. मूल कितीही हुशार असो, घर हद्दीच्या एक रस्ता पलीकडे असेल तर ते दुसऱ्या शाळेचं.

या पत्त्याला इतिहासही आहे. केनिलवर्थ गाव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वसवलं गेलं तेच गोऱ्यांनाच जमीन विकायची या बोलीवर. त्या काठावरच्या इतर गावांतही काळ्या आणि ज्यू कुटुंबांना घर न दाखवण्याचा रिवाज दलालांनी दीर्घकाळ पाळला. १९६५ च्या उन्हाळ्यात इथल्याच काही रहिवाशांनी आणि कॉलेजातल्या तरुणांनी दारोदार फिरून त्याविरुद्ध मोहीम उघडली. २५ जुलै १९६५ रोजी विनेटकाच्या हिरवळीवर मार्टिन ल्यूथर किंग यांची सभा झाली. हजारो लोक आले होते. कायदा पुढे बदलला, रिवाजही बदलला. घरांच्या किमतीने मात्र कुंपणाचं काम पुढे चालू ठेवलं.

१९९१ साली जोनाथन कोझोल यांचं ‘सॅव्हेज इनइक्वॅलिटीज’ हे पुस्तक आलं आणि न्यू ट्रीअरचं नाव शिक्षणाच्या चर्चेत कायमचं रुजलं. कोझोल स्वतः शिक्षक होते. गरीब आणि श्रीमंत शाळा त्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. शिकागो शहराच्या दक्षिण भागातलं डुसेबल हायस्कूल आणि हे न्यू ट्रीअर. हिरवळ, व्यायामशाळा, तलाव यांचं वर्णन त्यांनी केलंच, पण मला त्यांनी दिलेला एक आकडा सगळ्यात बोचतो. न्यू ट्रीअरमध्ये एका ॲडव्हायझरकडे सुमारे दोन डझन मुलं. डुसेबलमध्ये एका समुपदेशकाकडे ४२०. तलाव नसला तर मूल पोहायला शिकणार नाही, एवढंच. पण ४२० मुलांतल्या एकाने शाळेत यायचं थांबवलं तर ते कुणाच्या लक्षात कधी येणार?

अशी तफावत दूर व्हावी म्हणून लोक त्याआधीच न्यायालयात गेले होते. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या पालकांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला, आणि १९७३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला: शिक्षण हा अमेरिकेच्या राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही आणि मालमत्ता करावर शाळा चालवणं घटनाबाह्य नाही. एका मताचा फरक. आपल्याकडे २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाच्या मुलांचं शिक्षण मूलभूत हक्क झालं. त्याची अंमलबजावणी कशी आहे हा वेगळा विषय, पण हक्क म्हणून कागदावर ते आहे. आणखी एक गोष्ट आपण गृहीत धरतो. महाराष्ट्रात अनुदानित शाळेतल्या शिक्षकाचा पगार राज्याच्या तिजोरीतून येतो, मग शाळा विलेपार्ल्यात असो की गडचिरोलीत. आपली विषमता फीच्या वाटेने येते, त्यांची घराच्या पत्त्यावरून.

२ सप्टेंबर २००८, शिकागोच्या शाळांचा पहिला दिवस. राज्याचे सिनेटर आणि धर्मोपदेशक जेम्स मीक्स यांनी त्या दिवशी शहरातल्या मुलांना शाळेत न जाण्याचं आवाहन केलं आणि बसगाड्या भरून हजाराच्या आसपास मुलं नॉर्थफिल्डला आणली. तिथे न्यू ट्रीअरचा नववीचा परिसर आहे. मुलं आणि पालक रांगेत उभे राहिले आणि त्यांनी प्रवेशाचे अर्ज भरले. हद्दीबाहेरचा पत्ता असल्याने प्रवेश मिळणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा न्यू ट्रीअर एका मुलामागे वर्षाला सुमारे १७ हजार डॉलर खर्च करत होतं, शिकागो शहर दहा-अकरा हजारांच्या आसपास. दगडफेक नाही, घोषणांचा गदारोळ नाही. फक्त अर्ज. इतकं शांत आणि इतकं नेमकं आंदोलन मी क्वचितच वाचलं आहे.

२०१७ मध्ये इलिनॉयने शाळांना मदत देण्याचं सूत्र बदललं. शाळेची गरज किती आणि तिची स्वतःची ऐपत किती, हे मोजून राज्याचा नवा पैसा आधी सगळ्यात मागे असलेल्या जिल्ह्यांना द्यायचा असं ठरलं. पाऊल योग्य दिशेचं आहे. पण श्रीमंत जिल्ह्याचा करपाया त्यामुळे हलत नाही, आणि दरी भरायला अनेक वर्षं लागतील.

ज्या नॉर्थफिल्डच्या परिसरात ते अर्ज भरले गेले, त्याची स्वतःची गोष्ट गमतीची आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेल्या पिढीने विनेटकाची इमारत भरून वाहू लागली, तेव्हा १९६५ मध्ये इथे दुसरं हायस्कूल उघडलं, न्यू ट्रीअर वेस्ट. पुढे शिकागोचे महापौर झालेले राम इमॅन्युएल १९७७ साली इथूनच बाहेर पडले. त्यांच्याच कारकिर्दीत, २०१३ मध्ये, शिकागो शहराने पटसंख्येच्या कारणावरून पन्नासच्या आसपास शाळा बंद करायचं ठरवलं. न्यू ट्रीअर वेस्टवरही तीच पाळी येऊन गेली होती. ऐंशीच्या दशकात मुलं कमी झाली, दोन्ही शाळा पुन्हा एक झाल्या आणि १९८५ मध्ये हा परिसर रिकामा झाला. मग तिथे सिनेमावाले आले. ‘होम अलोन’मधल्या त्या प्रसिद्ध घराच्या आतल्या खोल्यांचे सेट या ओस पडलेल्या शाळेत उभारले होते, आणि पाण्याने भरलेल्या तळघराचं दृश्य शाळेच्या तलावात चित्रित झालं. बाहेरून दिसणारं घर मात्र खरंच विनेटकात आहे. २००१ मध्ये पटसंख्या वाढल्यावर नॉर्थफिल्ड पुन्हा उघडलं, या वेळी फक्त नववीसाठी. एवढ्या मोठ्या शाळेत आलेल्या चौदा वर्षांच्या मुलांना पहिलं वर्ष आपापसांत काढता यावं, ही कल्पना मला फार आवडते. शिकागोत बंद झालेल्या शाळांपैकी अनेक इमारतींना अशी दुसरी संधी मिळाली नाही.

श्रीमंत गाव आहे म्हणून मागेल तितका पैसा मिळतो असंही नाही. विनेटकाच्या इमारतीचा जुना भाग पाडून नवा बांधण्यासाठी २०१० मध्ये शाळेने १७४ दशलक्ष डॉलर मागितले, तेव्हा मतदारांनी सपशेल नकार दिला. मंडळाने आराखडा छाटला, गावोगाव बैठका घेतल्या आणि २०१४ मध्ये ८९ दशलक्षांचा प्रस्ताव आणला. तो मंजूर झाला. २०१७ मध्ये नवी पश्चिम बाजू उघडली: वर्गखोल्या, ग्रंथालय, नाट्यगृह, उपयोजित कलांच्या कार्यशाळा. ज्यांच्या घरात शाळेत जाणारं कुणी उरलेलं नाही अशा म्हाताऱ्यांनाही या मतदानात मत असतं आणि कर त्यांनाही भरावा लागतो. दुसऱ्याच्या नातवंडांच्या प्रयोगशाळेसाठी त्यांना राजी करणं सोपं काम नव्हे. ते मतपेटीतून आणि चार लोकांसमोर हिशेब मांडून करावं लागतं, ही गोष्ट आपल्या नगरपालिकांनी उचलण्यासारखी आहे.

२०१७ च्याच फेब्रुवारीत शाळेने वर्णभेद आणि नागरी हक्क या विषयावर दिवसभराचं चर्चासत्र ठेवलं. कादंबरीकार कोल्सन व्हाइटहेड यांना बोलावलं. बहुसंख्य गोऱ्या, सुखवस्तू शाळेत हा विषय कशाला, किंवा दुसऱ्या बाजूचे वक्ते का नाहीत, म्हणून काही पालकांनी जोरदार हरकत घेतली. मंडळाची बैठक तुडुंब भरली. सत्राच्या बाजूने बोलायलाही पालक आणि विद्यार्थी मोठ्या संख्येने आले. सत्र ठरल्याप्रमाणे झालं. ज्या शाळेच्या हद्दीला असा इतिहास आहे, तिने तो विषय मुलांपुढे ठेवला आणि दबावाखाली मागे घेतला नाही, याचा मला आदर वाटतो.

आपली मराठी मंडळी सरोवराच्या या किनाऱ्यावर थोडी. शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिल, शॉमबर्ग या बाजूला जास्त, आणि न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास. पण घर घेताना त्यांचाही पहिला प्रश्न शाळेचाच असतो. शाळांना गुण देणाऱ्या संकेतस्थळावरचा दहापैकी नऊ किंवा दहा हा आकडा पाहून कर्ज काढलं जातं. त्या आकड्यात परीक्षेचे गुण बरेचसे येतात, आणि परीक्षेचे गुण बरेचसे आईबापांच्या शिक्षणावरून आणि मिळकतीवरून ठरतात. शाळा मुलाशी कशी वागते हे त्यात फार थोडं उतरतं. शाळा बघायला गेलात तर वेगळं विचारा. एका समुपदेशकाकडे किती मुलं? अमेरिकेतल्या शालेय समुपदेशकांची संघटना २५० ची शिफारस करते, देशाची सरासरी त्याहून बरीच वर आहे. माझ्या मुलाला चार वर्षं ओळखणारा मोठा माणूस या इमारतीत कोण असेल? संघात निवड झाली नाही तर दुपारी तीननंतर त्याला इथे थांबायला काय आहे? आणि शाळेच्या मंडळाची निवडणूक आली की मतदानाला जा. नागरिकत्व मिळालेली आपली माणसं राष्ट्राध्यक्षासाठी रांग लावतात आणि शाळेच्या मंडळाची मतपत्रिका कोरी सोडतात. ॲडव्हायझरला शिकवण्यातून किती तास मोकळे द्यायचे, ते वॉशिंग्टनमध्ये नाही, त्या मंडळात ठरतं.